पेकहॅममधल्या तिघी

पहाटे सव्वापाच
दक्षिण लंडनमधलं पेकहॅम, फेब्रुवारीतला मंगळवार. एका घरात तीन नायजेरियन विद्यार्थिनी. कदूनाहून आलेली हाउसा मुलगी नमाजासाठी उठली आहे. एनुगूची इग्बो मुलगी बूट चढवून वृद्धाश्रमातल्या सकाळच्या पाळीला निघाली. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, त्यामुळे एकही पाळी चुकवायची नाही. गावी तिला ‘इंजिनियर’ अशीच हाक मारतात. तिचं शेवटचं वर्ष 2022 च्या प्राध्यापकांच्या संपात आठ महिने अडकलं होतं. इथे ती म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. याचं तिला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते आईला अजून सांगितलं नाही याचं.

सहा
तिसरी योरूबा, लागोसची, बँकेतली नोकरी सोडून एमएला आलेली. वयाने मोठी म्हणून दोघी तिला ‘आँटी’ म्हणतात. लागोसला सात वाजलेत. फोनवर तिचा धाकटा मोज्यांसाठी आजीशी भांडतोय. जानेवारी 2024 पासून अशा अभ्यासक्रमांना येणाऱ्यांना मुलं सोबत आणता येत नाहीत.

दहा ते चार
लेक्चर्स, ग्रंथालय. मध्ये एक फॉर्म: वंश कोणता? नायजेरियात नुसत्या नावावरून हाउसा, इग्बो की योरूबा ते कळतं आणि कधीकधी तेवढ्यावरच सोयरीक मोडते. इथे तिघींना एकच चौकट: ‘आफ्रिकन’. कदूनाची म्हणते, मायदेशी आम्ही एका घरात राहिलोच नसतो.

संध्याकाळी सात
राय लेनच्या बाजारातून गारी (कसाव्याचा रवा), सुरण आणि कृत्रिम केसांच्या जुड्या आल्यात. पार्लरमध्ये वेण्यांना शंभर पौंडांच्या वर पडतात, म्हणून इंजिनियर जमिनीवर बसली आहे आणि आँटी खुर्चीत. कदूनाची एकेक बट सोडवून हातात देते. कंगव्याच्या टोकाने भांग, मुळाशी घट्ट पेड, मग बोटं झरझर खाली. शेवटी टोकं उकळत्या पाण्यात बुडवायची, म्हणजे सुटत नाहीत.

हात चालू असतानाच भिशीचा विषय निघतो. योरूबात तिला ‘अजो’ म्हणतात. या महिन्याची पाळी आँटीची; त्या पैशातून ईस्टरला मुलांकडे जायचं तिकीट काढायचं होतं. पण कदूनाच्या मुलीचा फीचा हप्ता शुक्रवारी आहे. जून 2023 मध्ये सरकारने नायरा मोकळा सोडला, तेव्हा डॉलरला साधारण 460 नायरा पडत. वर्षभरात भाव पंधराशेच्या घरात गेला. वडिलांनी फीसाठी साठवलेलं तिथंच आटलं.

“पाळी तू घे,” आँटी वर न बघताच म्हणते.

“आँटी, तुमचं तिकीट?”

“जुलैत जाईन. तुझ्या पाळीचे पैसे माझे, लिहून ठेव. आणि डिस्टिंक्शन पाहिजे हं, नुसतं पास होऊन चालणार नाही.”

“मला कुणी अशी अट घातली नाही,” खालून इंजिनियर कुरकुरते.

“तू मान हलवू नकोस. भांग वाकडा जातोय.”