नदीला माजी विद्यार्थी हवेत

अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थी राहतो चार वर्षे. नदी नासायला आणि नासलेली नदी सुधारायला याच्या कितीतरी पट काळ लागतो. पाण्यातली घाण ज्याला आज खुपते तो परवा पदवी घेऊन गावाबाहेर जातो, आणि त्याच्या जागी आलेल्याला ती घाण पहिल्यापासूनच होती असे वाटते. शहरांमधल्या नद्यांच्या दुर्दशेची कारणे आपण सांडपाणी, अतिक्रमणे, पालिकांची ढिलाई अशी मोजतो. ती सगळी खरी आहेत. पण नदीचे कालचे रूप आठवणारी आणि आजही रोज पाण्यात उतरणारी माणसे काठावर उरली नाहीत, हेही एक कारण आहे. महाविद्यालयीन रोईंग आणि त्यात परतून येणारे माजी विद्यार्थ्यांचे संघ ही उणीव काही अंशी भरून काढू शकतात, असे माझे म्हणणे आहे. वरवर पाहता हा खेळ हौसेचा आणि थोड्यांचा. मला त्यात नदीला वारस मिळवून देणारी एक व्यवस्था दिसते.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. १८५४ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने, म्हणजे आजच्या सीओईपीने, १९२८ मध्ये बोट क्लब काढला. मुळा आणि मुठा जिथे मिळतात तिथे, संगमाजवळ, तो आहे. खाली बंडगार्डनपाशी १९व्या शतकाच्या मध्याला जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून बंधारा झाला आणि त्याने अडवलेल्या फुगवट्यामुळे वल्हे मारण्याजोगे पाणी या टापूत राहते. क्लबचा कारभार विद्यार्थीच पाहतात. शेल, पंट आणि कयाक या बोटींची देखभाल, नव्या मुलांचे शिक्षण, वार्षिक रेगाटाची, म्हणजे नौकाशर्यतींच्या सोहळ्याची आखणी हे सगळे वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जाते. रेगाटात शर्यतींच्या जोडीला कयाक बॅले, बाणाच्या आकारात बोटींची रचना आणि अंधार पडल्यावर मशालींचे नृत्य असते, आणि ते पाहायला महाविद्यालयाशी काही संबंध नसलेले पुणेकरही काठावर गर्दी करतात. ज्या नदीवरून एरवी नाकाला रुमाल लावून जायचे, तिच्याकडे तोंड करून हजारो माणसे तासन्‌तास बसतात. असा दुसरा प्रसंग पुण्यात विसर्जनाखेरीज मला तरी आठवत नाही.

वल्ह्याच्या खेळात जुन्या माणसांची गरज इतर खेळांपेक्षा जास्त का, हे बोटीकडे पाहिले की कळते. आठ वल्हेकऱ्यांची बोट साधारण साडेसतरा मीटर लांब असते आणि तिचे किमान वजन ठरलेले आहे ९६ किलो. नऊ माणसांना वाहून नेणारी ही वस्तू त्यांच्यातल्या दोघांच्या वजनाहूनही हलकी असते. बैठक रुळावर सरकते, जोर मुख्यतः पायांतून येतो, आणि आठही वल्ही एका क्षणी पाण्यात शिरून एका क्षणी बाहेर आली नाहीत तर बोट डुलते आणि वेग मरतो. तोंड मागे करून बसलेल्या आठ जणांना पुढचे दिसत नाही. पुढे पाहतो तो एकटा कॉक्स, म्हणजे बोटीची दिशा सांभाळणारा नववा. हे कसब पुस्तकातून येत नाही, शेजारी बसलेल्याकडून येते. शिवाय बोट महाग, आणि नीट जपली तर विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांना पुरणारी. तिची डागडुजी कोणी केली, कोणत्या पुलाच्या खांबापाशी पाणी ओढते, पावसाळा सरल्यावर गाळ कुठे साचतो, हे ज्ञान चार वर्षांच्या पाहुण्यांकडे ठेवले तर दर चार वर्षांनी पुसले जाणार. ते टिकवायचे तर गेलेला माणूस परत यायला हवा, आणि भाषण करायला येऊन भागत नाही. त्याने बोटीत बसायला हवे.

माजी विद्यार्थ्याला खरोखर बोटीत बसवण्याची पद्धत जिथे पक्की झाली ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या बोस्टन आणि केंब्रिज यांच्यामधली चार्ल्स नदी. १६ ऑक्टोबर १९६५ रोजी तिथल्या केंब्रिज बोट क्लबने ‘हेड ऑफ द चार्ल्स’ ही शर्यत सुरू केली. ही शरदातली शर्यत. बोटी शेजारी-शेजारी उभ्या करून सोडत नाहीत. काही सेकंदांच्या अंतराने एकामागून एक सुटतात, सुमारे पावणेपाच किलोमीटरचे वळणावळणाचे पात्र पुलांच्या कमानींखालून पार करतात आणि ज्याची वेळ कमी तो जिंकतो. शाळकरी मुले, महाविद्यालये, क्लब, पन्नाशी-साठी ओलांडलेले यांचे वेगवेगळे गट, आणि त्यांतच माजी विद्यार्थ्यांच्या आठ वल्ह्यांच्या बोटींचा स्वतंत्र गट. वयस्कांच्या गटांत वयाप्रमाणे वेळेत सवलत मिळते. आदल्या वर्षी चांगली वेळ दिलेल्या संघाला पुढच्या वर्षीचा प्रवेश हमखास मिळतो आणि बाकीच्यांना सोडतीची वाट पाहावी लागते. या साध्या नियमाने फार मोठे काम केले आहे, असे मला वाटते. यंदा नीट वल्हवणारा माजी विद्यार्थी पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी जागा राखतो. मैत्रीच्या ओढीला नियमाचा आधार मिळतो आणि येणे हे कर्तव्य होते.

१९६५ मध्येच चार्ल्स नदीच्या खोऱ्यासाठी काम करणारी चार्ल्स रिव्हर वॉटरशेड असोसिएशन ही नागरिकांची संस्था स्थापन झाली. नदी तेव्हा इतकी घाण होती की १९५०च्या दशकापासून तिच्यात पोहायला बंदी होती. १९९५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नदी स्वच्छ करण्याची मोहीम जाहीर केली आणि शाळेतल्या मुलांना देतात तशी नदीला दरवर्षी श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी ‘डी’ मिळालेली नदी पुढे ‘बी’च्या वर पोहोचली, २०११ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय नदी पुरस्कार मिळाला आणि २०१३ मध्ये लोक पुन्हा जाहीरपणे तिच्यात पोहले. आता कोणी म्हणेल, याचे श्रेय वल्हेकऱ्यांना कसे? ते त्यांना देता येणार नाहीच. सुधारणा झाली ती न्यायालयीन लढ्यांमुळे, सांडपाण्याच्या वाहिन्या वेगळ्या केल्यामुळे आणि त्यावर झालेल्या अफाट खर्चामुळे. पण असा खर्च वर्षानुवर्षे चालू ठेवायला मागणीही वर्षानुवर्षे चालू राहावी लागते. ज्या शहरात दर ऑक्टोबरला हजारो माणसे पाण्यावर आणि लाखो काठावर येतात, तिथे नदीचा प्रश्न विसरणे राज्यकर्त्यांना जड जाते. रेगाटा नदी स्वच्छ करत नाही. ती नदीला विस्मृतीत जाऊ देत नाही.

पुण्यातही योजना आहेत. मुळा-मुठेसाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारण्याचा करार २०१६ मध्ये झाला. प्रत्यक्ष काम सुरू व्हायलाच मग कित्येक वर्षे गेली. त्या काळात जलपर्णी दर उन्हाळ्याला पात्र झाकत राहिली. इथे दुसरा आक्षेप येतो. आधी पाणी स्वच्छ करा, मग खेळ. या पाण्यात मुलांना उतरवणे हाच अन्याय. आक्षेप गंभीर आहे आणि आरोग्याची काळजी न घेता कोणालाही वल्हवायला लावू नये हे उघड आहे. तरीही चार्ल्सचा क्रम असाच उलटा होता, हे विसरून चालणार नाही. स्वच्छतेची मोहीम सुरू झाली तेव्हा शर्यत ३० वर्षांची होती. पाणी निर्मळ होईपर्यंत खेळ थांबवला असता, तर ते निर्मळ व्हावे म्हणून तगादा लावणारी एक बाजूच नाहीशी झाली असती.

तिसरा आक्षेप लष्कराकडे बोट दाखवून केला जातो, आणि तो पदकांच्या आधारावर उभा आहे. भारतीय रोईंगमधले जवळजवळ सगळे मोठे यश सैनिकांचे. २०१० मध्ये ग्वांगझूला बजरंगलाल ताखर यांनी आशियाई स्पर्धेतले भारताचे पहिले रोईंग सुवर्ण जिंकले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही गावचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हे धरायला शिकले, २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरीत तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला चौघांच्या बोटीतून सुवर्ण घेऊन आले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला रोईंगमध्ये पाच पदके मिळाली. मग महाविद्यालयांची गरज काय? पदकांपुरती ती कमीच आहे, हे मान्य करू. पण सैन्याचे वल्हेकरी दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात, शर्यतींसाठीच बांधलेल्या आखीव पाण्यावर घडतात. शहराची नदी बिघडली तरी त्यांचा सराव चुकत नाही, आणि तसेच असायला हवे. त्यांचे काम वेगळे आहे. नदीशी ज्याचे नशीब बांधलेले आहे असा खेळाडू मात्र संगमावरच मिळतो.

सुरक्षिततेची बाब पुढे ढकलण्यासारखी नाही. मे २०२२ मध्ये कोलकात्याच्या रवींद्र सरोवरात आंतरशालेय शर्यतीचा सराव करताना वादळात बोट उलटली आणि दोन शाळकरी मुले बुडून गेली. शंभर वर्षांहून जुनी रोईंगची परंपरा असलेल्या शहरात हे घडले. त्यानंतर बचावाची बोट आणि हवामानाचा इशारा यांवर चर्चा झाली. ती व्हायला दोन जीव जावे लागले, हे दुःख कोणत्याही युक्तिवादाने हलके होत नाही. बचावबोट पाण्यात असल्याशिवाय एकही वल्हे चालणार नाही आणि आकाशाचा रंग ओळखणारा अनुभवी माणूस काठावर असल्याशिवाय सराव होणार नाही, एवढे दोन नियम तरी तडजोडीपलीकडे हवेत. आणि अनुभवी माणूस म्हणजे पुन्हा जुना वल्हेकरीच.

हे सगळे मध्य प्रदेशातल्या बोरगाव, सौंसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यातल्या वाचकाला दूरचे वाटेल. पण १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्या राज्याची राजधानी होती. आज राज्य वेगळे, पण शिक्षणासाठी मुले अजूनही नागपूर-छिंदवाडा रस्त्याने खाली नागपूरलाच उतरतात, आणि सातपुड्यातून निघून आपल्या मुलुखातून वाहणारी कन्हानही नागपूरची तहान भागवायला त्याच दिशेने जाते. खेळ परका आहे, असेही कोणी म्हणेल. पण नदीवरची चढाओढ आपल्याला परकी कशी? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत, पळसाच्या झाडावरच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर येतात, आणि बाहेरगावी गेलेली माणसे त्या दिवसासाठी घरी परततात. दगडफेकीच्या या गोटमारीत रक्त सांडते, जीवही गेले आहेत, तिचे समर्थन मी करत नाही. काठाशी जोडलेली निष्ठा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकते, एवढेच तिच्यातून घ्यायचे.

त्या निष्ठेला वल्हे देण्याजोगी जागा नागपुरात आहे. १९६० मध्ये स्थापन झालेले विश्वेश्वरय्या महाविद्यालय, आजचे व्हीएनआयटी, दक्षिण अंबाझरी रस्त्यावर आहे, आणि ज्यांचे नाव त्याला दिले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १८८३ चे पदवीधर. जवळच अंबाझरी तलाव. त्यातल्या जलपर्णीने नागपूरकरांना सतावले आहे आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पावसात तो ओसंडल्यावर खालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. या तलावाच्या सांडव्याची, गाळाची आणि पातळीची रोजची खबर ठेवणारे पाचपन्नास तरुण आणि त्यांचे जुने सोबती शहराला नको आहेत का? भोपाळच्या बड्या तालावर राज्याच्या क्रीडा अकादमीची मुले वल्हवतातच, आणि त्याच महिन्यात, सप्टेंबर २०२३ मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या क्रूझ आणि यांत्रिक बोटींवर बंदी घातली. अशा पाण्यांवर यापुढे माणसाच्या बळावर चालणाऱ्या बोटींनाच खरे भवितव्य आहे.

रेगाटा घ्यायचीच तर वेळ नीट निवडावी. फाल्गुन-चैत्रात तलाव उतरतात, जलपर्णी माजते, परीक्षा डोक्यावर असतात. आश्विन-कार्तिकात पावसाने भरलेले पाणी निवळलेले असते, वारा शांत असतो, आणि पुणे, बेंगळुरू, हैदराबादला नोकरीत असलेला माजी विद्यार्थी दिवाळीसाठी घरी आलेला असतो. त्याला वेगळे बोलवावे लागत नाही; भाऊबीजेनंतरचा पहिला रविवार ठरवला तरी पुरे. सुरुवातीला कॉक्ससह चौघांच्या दोन बोटी, एक बचावबोट आणि त्या ठेवायला छप्पर एवढे लागेल. एका बोटीत शिकणारी मुले बसतील आणि दुसरीत दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेली.