पद्मिनीच्या पोटात मारुतीचा अल्टर्नेटर

फियाट ११०० चं इंजिन ११०० सीसीचं नव्हतंच. सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी., पिस्टनची चाल ७५ मि.मी., सिलिंडर चार. हिशेब केला की उत्तर येतं १,०८९. कंपनीनं आकडा गोल करून टाकला, एवढंच. खरी गंमत पुढे आहे. गाडी वयात आली, निळा धूर सोडायला लागली, की इंजिन रीबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. ०.२ मि.मी. वाढवलं तर होतात १,०९६ सीसी. ०.४ वाढवलं की थेट १,१०२! नावातला आकडा गाठण्यासाठी या गाडीला आधी झिजावं लागतं.

जुनी गाडी घरी उघडून बसणाऱ्यांची सगळी दुनिया अशा आकड्यांवर चालते. ‘पार्ट मिळत नाही हो’ ही तक्रार बहुतेक वेळा दुकानात गाडीचं नाव सांगणाऱ्याची असते. व्हर्नियर कॅलिपर लावून माप सांगणाऱ्याला पार्ट मिळतो, आणि बरेचदा स्वस्तात मिळतो. कारण लोखंडाला ब्रँड कळत नाही, माप कळतं.

कुर्ल्याची लेक

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ जुळल्या, मग फियाट आली. फुगीर नाकाची जुनी ११०० मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ करून टाकली. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी काळी-पिवळी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदलेली ती टॅक्सी वीस वर्षांची मुदत पूर्ण करून थांबली. कारखाना गेला, ‘प्रीमियर रोड’ हे नाव राहिलं. आणि सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या दुकानांमुळे कुर्ल्याचं गाडीशी नातंही राहिलं.

छताच्या पंख्यातलं बेअरिंग

बेअरिंगच्या कडेला कोरलेला नंबर हा माझ्या मते यंत्रजगातला सगळ्यात प्रामाणिक मजकूर आहे. ६२०४ घ्या. शेवटच्या ०४ ला पाचानं गुणा, आतलं भोक २० मि.मी. ६२०५ म्हणजे २५. फक्त सुरुवातीचे चार नंबर पाठ करावे लागतात: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७ मि.मी. पुढे रबरी सील असेल तर २आरएस, पत्र्याचं झाकण असेल तर झेडझेड.

हा नंबर जगभर एकच. ६२०२ बेअरिंग, म्हणजे आत १५, बाहेर ३५, रुंदी ११ मि.मी., जपानमध्ये बनलं काय नि पुण्यात बनलं काय, बसायचं तिथेच बसतं. आपल्याकडच्या कित्येक छताच्या पंख्यांत हेच फिरत असतं. म्हणून डायनामोचं किंवा अल्टर्नेटरचं बेअरिंग ओरडायला लागलं की ‘पद्मिनीचं बेअरिंग आहे का’ असं विचारत फिरू नका. जुनं काढा, पुसा, नंबर वाचा आणि मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीट गाठा. फक्त कंपनी चांगली घ्या. नकली बेअरिंगवर नंबर बरोबर असतो, पोलाद बरोबर नसतं.

ऑइल सीलचंही तसंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तीन आकडे सांगितले की झालं. फॅन बेल्टवर एव्ही-१०x९२५ लिहिलेलं असेल तर रुंदी १० आणि लांबी ९२५ मि.मी. गाडीचं नाव त्यात कुठेच येत नाही.

आता शीर्षकातला अल्टर्नेटर

जुन्या गाडीतला डायनामो इंजिन मंद चालत असताना जवळजवळ काहीच वीज देत नाही. सिग्नलला उभं राहिलं की हेडलाइट पिवळे पडतात, ॲक्सिलरेटर दाबला की पांढरे होतात. पावसाळ्यात वायपर, दिवे आणि हॉर्न एकदम चालले की बॅटरी बसलीच म्हणून समजा. अमेरिकेत क्रायस्लरनं १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टर्नेटर आणून हा प्रश्न सोडवला.

फियाटवाल्यांचा आवडता उपाय म्हणजे मारुती ८०० चा अल्टर्नेटर. ८०० ही गाडी १९८३ पासून तीस वर्षं बनत राहिली, त्यामुळे भंगारात तिचे अल्टर्नेटर मुबलक. आकारानं छोटा, वजनानं हलका, आणि दुरुस्त करणारा गल्लोगल्ली सापडतो. ब्रॅकेट मात्र लेथवाल्याकडून करून घ्यावा लागतो, आणि त्यात घाई चालत नाही. अल्टर्नेटरची पुली क्रँकच्या पुलीशी एका रेषेत आली नाही तर बेल्ट किंचाळतो आणि काही दिवसांत कडा खातो. डायनामोचा जुना कटआउट जोडणीतून बाहेर काढायचा, बॅटरीकडे जाणारी वायर जाड घ्यायची. सगळं जोडल्यावर साधा मल्टिमीटर बॅटरीला लावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की काम जमलं.

ब्रिटिश वंशाची जुनी गाडी असेल तर आधी अर्थिंग तपासा. त्या काळच्या कित्येक गाड्यांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असे. तसाच अल्टर्नेटर लावला तर आतले डायोड क्षणात जळतात.

सात इंचांची दुनिया

अमेरिकेनं १९४० मध्ये गाड्यांसाठी सात इंची गोल सीलबंद हेडलाइट प्रमाण ठरवला. पुढे हा आकार जगभर पसरला. विलीज जीप, ॲम्बॅसिडर, जिप्सी, बुलेट, सगळ्यांच्या डोळ्यांचं माप तेच. त्यामुळे ॲम्बॅसिडरचा फुटलेला लाइट शोधताना मोटारसायकलच्या दुकानातही डोकवायला हरकत नाही. एच-४ बल्ब बसवायचा असेल तर रिले मात्र जरूर टाका. ६०/५५ वॉटच्या दोन बल्बांचा भार पन्नास वर्षांच्या स्विचवर टाकणं म्हणजे वायर जाळणं. आणि रिलेवरही आकडे आहेतच! ३० वर बॅटरी, ८७ वरून दिव्याकडे, ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची टोकं. मूळ जर्मन प्रमाणातले हे आकडे आज बहुतेक गाड्यांच्या रिलेवर सापडतात.

लँबोर्गिनीही करते

दुसऱ्या गाडीचा पार्ट लावण्यात कमीपणा वाटत असेल तर हे वाचा. लँबोर्गिनी मिउरा, जगातल्या सर्वांत देखण्या गाड्यांत जिची गणना होते, तिचे हेडलाइट फियाट ८५० स्पायडरचे. नंतरच्या डायब्लोचे हेडलाइट निस्सान ३०० झेडएक्सचे. ॲस्टन मार्टिन डीबी-७ चे मागचे दिवे माझदा ३२३ चे. आणि मॅकलॅरेन एफ-१ चे मागचे दिवे? बोव्हा या डच कंपनीच्या प्रवासी बसचे!

आपल्याकडची प्रीमियर ११८ एनई तर कारखान्यातूनच मिश्र रक्ताची निघाली. बॉडी फियाट १२४ ची, इंजिन निस्सानचं १,१७१ सीसीचं.

तेराचा पाना कुठे चालतो?

फियाट इटालियन, म्हणून सगळे नट-बोल्ट मेट्रिक. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सतरा, एकोणीस असा साधा पान्यांचा संच घेतला की अर्धी गाडी उघडते. ॲम्बॅसिडर मात्र मॉरिस ऑक्सफर्डची वारस, तिथे इंचांचा कारभार. आता जुळवाजुळव बघा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मि.मी., एकोणीसचा पाना बेलाशक चालतो. अर्धा इंच म्हणजे १२.७, तेराचा पाना थोडा सैल बसतो, आणि जाम झालेल्या नटाचे कोपरे याच सैलपणात गोल होतात. ७/१६ म्हणजे ११.११, तिथे अकराचा पाना आतच जात नाही. त्याहून जुन्या इंग्लिश गाडीत जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेले आटे भेटतात. त्यांचे पानेही वेगळे.

पॅकिंग घरी कापा

रॉकर कव्हर, संप, थर्मोस्टॅटचं झाकण, इथल्या पॅकिंगसाठी वणवण करू नका. पॅकिंगचा कागद किंवा कॉर्कची शीट मीटरवर मिळते. शीट धातूच्या भागावर ठेवायची आणि गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं हलके टोले द्यायचे; धातूची कडच कागद कापून देते. बोल्टची भोकं आधी पाडून त्यांत बोल्ट अडकवून ठेवले की शीट सरकत नाही. हेड गॅस्केटला मात्र हा उपाय नाही. ती तयारच घ्यावी लागते.

कार्बोरेटरच्या पोटात

सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवर १२० लिहिलेलं असेल तर भोक साधारण १.२० मि.मी. इतकं बारीक काम असल्यामुळेच तुंबलेल्या जेटमध्ये तार खुपसणाऱ्यांचा मला राग येतो. पितळ मऊ असतं, तारेनं भोक मोठं होतं, गाडी काळा धूर सोडते आणि दोष लागतो कार्बोरेटरला. हवा मारा, फार तर नायलॉनचा दोरा घाला.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा कडक होतो किंवा चिरतो. इथेनॉल सोसणाऱ्या रबराची नळी मीटरवर मिळते आणि बहुतेकांच्या खिशाला सहज झेपते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा, कारण इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढतं आणि ते पाणी आतून गंज चढवतं.

गंजावर धुण्याचा सोडा

११०० ला वेगळी चॅसिस नाही. दान्ते जाकोसा यांनी १९५३ ची ही गाडी अखंड बॉडीची बनवली, म्हणजे पत्राच गाडीचं हाड. कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्या गाडीचे दरवाजे उघड-मिट करताना आधी दाराखालची सिल गंजली आहे का ते बघा.

सुटे होणारे गंजलेले पार्ट मात्र घरीच उजळतात. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात चार लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला पार्ट मायनसला, साध्या लोखंडाची पट्टी प्लसला, आणि दोन्ही एकमेकांना लागू द्यायची नाहीत. रात्रभरात गंज सुटतो, चांगलं लोखंड तसंच राहतं. हे काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो, तोही भडका घेणारा. आणि प्लसला स्टेनलेस स्टीलची पट्टी कधीही लावू नका. त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं.

इथे पर्याय नाही

क्युबात १९६० च्या दशकातल्या अमेरिकी निर्बंधांनंतर शेव्हर्ले आणि ब्यूक यांना सुटे भाग मिळेनात. तिथल्या कारागिरांनी त्यांत रशियन लाडा, व्होल्गाची इंजिनं घातली, डिझेल इंजिनंही घातली. ब्रेक ऑइल नसताना शॅम्पू ओतल्याचंही तिथून सांगतात. त्या माणसांच्या जिद्दीपुढे हात जोडावेत, शॅम्पू मात्र घेऊ नये.

डॉट-३ ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं. हवेतली ओल शोषून जुनं झालं की १४० अंशांवरच. बोरघाट किंवा आंबा घाट उतरताना ड्रम तापतात, ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हा गाडीवरचा सगळ्यात स्वस्त विमा आहे. इंजिन ऑइलचा थेंबही तिथे नको, व्हील सिलिंडरचे रबरी कप त्यानं फुगून बसतात.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नका, एअर गन तर अजिबात नको. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. ब्रेक, स्टिअरिंग, किंगपिन यांचे पार्ट त्या गाडीसाठीच बनलेले आणि नवे घ्यावेत. पैसे वाचवायला बाकीची अख्खी गाडी आहे.

‘व्हीए’ नंबरची अट

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते आणि तिच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला ही गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यासाठी ती रस्त्यावर आणता येते. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी नुकत्याच या वयात आल्या आहेत.

पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला असेल तर ती व्हिंटेज ठरत नाही. अल्टर्नेटर किंवा रिले काढून मूळ वस्तू परत बसवता येते, कापलेला पत्रा आणि बदललेलं इंजिन परत येत नाही. म्हणून ब्रॅकेट असा करून घ्या की जो मूळ भोकांतच बसेल, इंजिन ब्लॉकवर नवं भोक पाडू नका. काढलेला डायनामो, कटआउट, मूळ हेडलाइटच्या रिंगा भंगारात देऊ नका. ग्रीसचा हात मारा, तेलकट कागदात गुंडाळा, वर चिठ्ठी लावा आणि माळ्यावर ठेवा.