समासातले साल

प्राणहिता जेथे गोदावरीला मिळते, त्या टोकाला गडचिरोली जिल्ह्याचा सिरोंचा तालुका आहे. तेथील वडधमचे जीवाश्म उद्यान पाहायला मी गेलो, तेव्हा माझ्याबरोबर चंद्रपूरचे एक वडीलधारे स्नेही होते. पेशाने मास्तर आणि तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. समोर झाडाचे ओंडके पडले होते. लाकडाच्या रेषा जशाच्या तशा, पण सगळा दगड! मास्तर बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमच्या वडिलांच्या इंग्रजी बायबलात पहिल्याच पानाच्या समासात सृष्टीचे साल छापलेले होते. इसवी सनापूर्वी ४००४. या झाडाला त्या हिशेबात कोठे बसवायचे?"

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. ज्या पुस्तकावर हात ठेवून वडिलांनी प्रार्थना शिकवली, त्याच पुस्तकाविषयी तो होता.

वाचकहो, हे साल मूळ बायबलात नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलातील पिढ्यांची वये आणि राजांच्या कारकिर्दी यांची बेरीज मांडून ते काढले. १७०१ पासून ते इंग्रजी बायबलांच्या समासात छापले जाऊ लागले आणि लोक तेही शास्त्रवचनच मानू लागले. म्हणजे जगाचे वय जेमतेम सहा हजार वर्षे!

या हिशेबाला आपल्या मुलखातल्या दगडांनी धक्का दिला, आणि गंमत अशी की ते दगड गोळा करणारा माणूस कोणी नास्तिक नव्हता. तो पाद्रीच होता. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. १८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हे गृहस्थ १८४५ साली नागपुरास आले आणि पुढल्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजाला त्यांचेच नाव आहे. धर्मप्रचारासाठी गावोगाव हिंडताना त्यांची नजर जमिनीकडेही असे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर ते चांदा या भागातले खडक तपासून काढले.

नागपूरजवळ टाकळीला काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. यातली मेख लक्षात घ्या. आधी लाव्हा वाहिला, थंड झाला. त्यावर तळे साचले. तळ्यात गोगलगायी जन्मल्या नि मेल्या. आणि मग वरून पुन्हा लाव्हा आला. त्या काळी पुष्कळ भाविक जीवाश्मांचा उलगडा नोहाच्या जलप्रलयाने करीत. पण एका वर्षाच्या पुरात इतके सगळे कसे उरकणार?

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवरच्या मांगलीहून याहून जुनी वस्तू मिळाली. रुंद डोक्याच्या एका उभयचर प्राण्याची कवटी. लंडनचे रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली तिचे 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' असे बारसे केले. सिरोंच्याजवळच्या कोटा गावच्या चुनखडकात खवल्यांसकट मासे सापडले. आजच्या मोजणीने टाकळीच्या गोगलगायी सुमारे साडेसहा कोटी, कोट्याचे मासे सतरा-अठरा कोटी आणि मांगलीची कवटी पंचवीस कोटी वर्षांची. हिस्लॉपसाहेबांच्या काळी हे आकडे ठाऊक नव्हते. थरांचा क्रम मात्र कळला होता, आणि सहा हजार वर्षे त्याला पुरणार नाहीत हेही.

राहता राहिला माणूस. १८६३ साली चार्ल्स लायेल यांचा मानवाच्या प्राचीनत्वावरचा ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी मद्रासजवळच्या पल्लावरमला रॉबर्ट ब्रूस फूट यांना अश्मयुगीन हत्यार सापडले. तसली हत्यारे पुढे चंद्रपूरजवळच्या पापामियाँ टेकडीवरही मिळाली. अशरसाहेबांच्या आदामाच्या कितीतरी आधी माणूस दगड घडवीत होता!

त्याच १८६३ च्या ४ सप्टेंबरला हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेले होते. परतताना फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. वय अवघे पंचेचाळीस. गोंडांची लिंगोकथाही त्यांनी टिपून ठेवली होती. ते कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. स्वतःची उत्पत्तिकथा सांगायला आलेला हा माणूस दुसऱ्यांची कथाही मन लावून ऐकत होता. शेवटपर्यंत त्यांनी धर्म सोडला नाही आणि हातोडीही सोडली नाही.

हे सारे मी मास्तरांना सांगितले. म्हटले, "साल समासातले होते. समास खोडता येतो."

ते हसले. "समास खोडाल हो, पण सहा दिवस तर मजकुरातच आहेत!"

मास्तरांनी बरोबर बोट ठेवले होते. मी त्यांना ह्यू मिलर यांचे नाव सांगितले. हिस्लॉप यांच्याच फ्री चर्चचे हे भूगर्भशास्त्रज्ञ. सहा दिवस म्हणजे सहा प्रदीर्घ युगे, असा अर्थ त्यांनी १८५७ च्या ग्रंथात मांडला. काहींना तो पटला, काहींना ती ओढाताण वाटली. सहा हजारांचा हिशेब धरून बसलेले भाविक आजही जगात आहेत. आपण त्यांना हसू नये. आपल्या पुराणांतली युगे लाखो वर्षांची खरी, पण तीही कोणी दगड तपासून मोजलेली नाहीत.

मास्तर मग काही बोलले नाहीत. निघताना त्यांनी एका ओंडक्यावर तळहात ठेवला, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मोटारीत बसल्यावर त्यांनी विचारले, "सकाळी देवळाच्या वेळेपर्यंत चंद्रपूर गाठू ना?"

आम्ही गाठले. आणि प्रार्थना आटोपून आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, की हिस्लॉपसाहेबांचे चरित्र कोठे वाचायला मिळेल.