लोखंड एकच, रंग दोन

सोलापूरच्या उन्हात माठातलं पाणी गार राहतं, कारण कमी आचेवर भाजलेली ती माती सच्छिद्र असते. जपानी पद्धतीचं स्टोनवेअर १२५० ते १३०० अंशांवर भाजतात. ते झिरपत नाही. पण खरी गंमत वरच्या झिलईत! भट्टीत हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड झिलईतल्या फेरिक ऑक्साइडचा ऑक्सिजन ओढून घेतो. लोह एक-दोन टक्के असेल तर फिकट हिरवा रंग, आठ-दहा टक्के असेल तर काळाभोर 'तेनमोकू'. (केमिस्ट्रीच्या तासाला हे कुणी का नाही सांगत?)

पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांनी इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच यांच्याकडे काम केलं. लीच ही कला जपानमध्ये शिकलेले. तेवढ्यावर बाई थांबल्या नाहीत. झिलईवर स्वतः प्रयोग केले आणि फॉर्म्युले 'हँडबुक फॉर पॉटर्स'मध्ये चक्क छापून टाकले. एरवी असं गुपित कोण सांगतो?