कुणाचं लेकरू, कुणाची फी?

"ताई, पोरांच्या अ‍ॅडमिशनचं जरा बघता का? पण घरी या. इथं नको."

२०२५च्या जूनमधली गोष्ट. किनवटच्या बाजारात भाजी घेताना ती माझ्या कानाशी येऊन हे म्हणाली, तेव्हाच मला समजलं की प्रश्न नुसता फॉर्मचा नाही. ती आमच्या बचत गटातली. पहिला नवरा आजारात गेला, पदरी एक मुलगी. पुढे ज्याच्याशी तिनं लग्न केलं, त्याचीही बायको वारलेली आणि त्याला एक मुलगा. दोन्ही लेकरं बारावीला एकाच वर्षी, दोघांनीही सीईटी दिलेली. नावं मुद्दामच लिहीत नाही. गाव लहान आहे.

घरी गेले तर नणंदबाई आलेल्या. चहा व्हायच्या आत त्यांनी तोफ डागली, "पोरगी पुण्याला जाणार म्हणे, अन् आमचं लेकरू नांदेडला! सावत्र ती सावत्रच." ही बिचारी ओट्याकडे तोंड करून उभी. नवरा गप्प. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला, पण कान इकडेच.

मैत्रिणींनो, सावत्र आई हा शब्द आपल्याकडे कहाण्यांतून इतका मुरलाय की तिनं पोळीला तूप कमी लावलं तरी पुरावा होतो. इथं तर लाखांचा मामला. मी एक दोनशे पानी वही मागवली आणि चौघांना समोर बसवलं. नणंदबाईंनाही म्हटलं, तुम्ही पण बसा.

दोघंही ओबीसी, घराचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. पण एका घरातल्या या दोन मुलांना सवलत सारखी नाही. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. ओबीसी मुलाला शिक्षण शुल्काची सवलत निम्मीच. म्हणजे पुण्याच्या खाजगी कॉलेजात मुलीला लागणार राहण्या-जेवणाचा खर्च. मुलाला तो खर्च, वर अर्धी फी. हे नणंदबाईंना ठाऊकच नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांच्या भावालाही नव्हतं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. ही सवलत कॅपच्या फेरीतून मिळालेल्या प्रवेशालाच आहे. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की ती गेली. एजंट लोक हे सांगत नाहीत.

मग राहण्या-जेवणाचं. वहीत लिहिलं, पुण्याला खोली आणि मेस धरून महिन्याला नऊ-दहा हजार, नांदेडला साडेपाच. यासाठीही योजना आहेत : अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना. पण प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आणि पैसे हातात यायला वेळ लागतो. म्हणून मी तो आकडा जमेत धरू दिला नाही.

कागदांची वेगळीच गंमत. मुलीच्या सगळ्या कागदांवर सख्ख्या वडिलांचं नाव. म्हणून तिच्या फाइलला पहिल्या नवऱ्याचा मृत्यू दाखला आणि आईच्या दुसऱ्या लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, दोन्ही जोडलं. पुनर्विवाह झालेल्या बायांनी या दोन्हींच्या चार-चार झेरॉक्स कायम जवळ ठेवाव्यात. फॉर्म भरून देणाऱ्या एकानं तिला वर सल्लाही दिला होता, "वडील हयात नाहीत लिहा, तुमचं एकटीचंच उत्पन्न दाखवा." तिनं नाही म्हटलं. "ह्यांनी सात वर्षं माझ्या पोरीला जेवू घातलं, अन् कागदावर मी ह्यांना पुसून टाकू?" आणि गरजही नव्हती. दोघांचं मिळूनही आठ लाखांच्या आतच होतं.

कायदा काय म्हणतो तेही त्या दिवशी सांगितलं. १९५६च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात पोटगीत शिक्षणाचा खर्च धरलेला आहे, पण ती जबाबदारी आपल्या पोटच्या मुलांची. सावत्र लेकराच्या फीसाठी सावत्र बाप बांधील नाही. करतो ते त्याच्या मनानं. हे ऐकून नवरा पहिल्यांदा बोलला, "मग मी कायद्यानं नाही, मनानं करतो." आणि परत गप्प.

अशी घरं काही आजची नाहीत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ घरात होता; पुढे शंकर, दिनकर, भास्कर झाले. अण्णांचा पैसा संस्थेकडे जायचा आणि ओढाताण आनंदीबाईंच्या वाट्याला यायची. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं. तरी रघुनाथराव १९१९ मध्ये गणितासाठी पॅरिसला गेले आणि दिनकर जर्मनीला. आनंदीबाईंनी 'माझे पुराण' लिहिलं म्हणून हे माहीत तरी आहे. आपल्या घरातल्या हिशेबाच्या भानगडी कोण लिहून ठेवतं?

आता मुलाचं. सगळे त्याच्याविषयी बोलत होते, त्याला विचारलं कुणीच नव्हतं. मी विचारलं. आधी म्हणाला, "काही पण चालतंय." मग हळूच, "मला इन्स्ट्रुमेंटेशन पाहिजे." हा पोरगा गल्लीतले मिक्सर आणि रेडिओ दुरुस्त करतो. नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासूनचं, शासकीय अनुदानित, फी कमी. तिथं ही शाखा त्याला मिळण्यासारखी होती. पुण्याला मिळत होतं ते दुसऱ्याच शाखेचं. "मग पुणं पुणं का करत होतास रे?" तर म्हणाला, "आत्या म्हणली होती, नांदेड घेतलं तर तू हरला." नणंदबाईंनी पदर सावरला.

मुलीला कॉम्प्युटर हवं होतं आणि तिच्या गुणांवर ते पुण्यालाच मिळत होतं. तिच्या होस्टेलसाठी शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण सहकर्जदार लागतो. बँकेत मी सोबत होते. साहेबांनी विचारलं, "वडील कोण?" तो म्हणाला, "मी." नाव वेगळं कसं ते साहेबांना सांगितलं, कागद दाखवले आणि त्यानं सही केली. मी त्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, कारण डोळे भरून आले होते.

दुसऱ्या फेरीत दोघांचेही प्रवेश झाले. मुलगा शनिवारी रेल्वेनं घरी येतो. पुणं म्हणजे रात्रभराचा प्रवास, त्यामुळे मुलगी एकदम दिवाळीलाच आली. वही अजून चालू आहे. डाव्या पानावर त्याचा खर्च, उजव्या पानावर तिचा, आणि महिन्याच्या शेवटी दोघं फोनवर एकमेकांना आकडे वाचून दाखवतात. उजवं पान जास्त भरतं. त्यावरून नणंदबाई दिवाळीत थोडं बोलल्याच, तेव्हा मुलानंच त्यांना अर्ध्या फीचं गणित घालून दाखवलं.

लॅपटॉप मात्र अजून एकच आहे, मुलीकडे. मुलाचं काम सध्या मित्राच्या लॅपटॉपवर चालतं. दुसरा घ्यायचा तर पैसे कर्जाचे की आईच्या बचत गटातले, यावर परवा पुन्हा मला बोलावणं आलं होतं.