डोंगर नसलेल्या भनपुरीत माउंटन सायकल

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की भनपुरी येते. कारखाने, गोदामे आणि मालट्रकांची अखंड रांग. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३०० मीटर आणि जमीन सगळी सपाट. तरीही सायकलच्या दुकानात आज सर्वांत आधी नजरेत भरते ती जाड, खडबडीत टायरांची माउंटन सायकल, आणि गिऱ्हाईक विचारते, ‘साधी घ्यावी की बॅटरीवाली?’ या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, असे मला वाटते. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायस डोंगराच्या उतारांवर जुन्या जाड टायरांच्या सायकली पळवणाऱ्या पोरांमुळे हा प्रकार जन्माला आला. मातीत रुतायचे नाही, दगडावरून घसरायचे नाही, यासाठी त्या टायरांवर उंचवटे आले. डांबरी सडकेवर या उंचवट्यांचा उपयोग काय, हे आधी तपासावे आणि मोटारीचे मग बघावे.

ढोबळ हिशेब असा. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो धरा. सपाट डांबरावर ताशी २० किलोमीटरने जायला खडबडीत टायरांवर साधारण १२० वॅट ताकद लागते. तेच टायर गुळगुळीत आणि हवा कडक भरलेले असतील, तर ९० वॅटच्या आसपास भागते. सराव नसलेला निरोगी माणूस तासभर टिकवू शकतो ती ताकद १०० वॅटच्या आगेमागेच असते. म्हणजे ज्या तीस वॅटसाठी लोक मोटार शोधतात, ते टायरनेच खाल्लेले असतात. त्यात स्वस्त सायकलीचा स्प्रिंगवाला पुढचा शॉकअप. जोर लावायला उठले की तो खाली बसतो, आणि पायाची थोडी ताकद चाकाऐवजी स्प्रिंगमध्ये जाते. म्हणून घर ते कारखाना अंतर पाच-सहा किलोमीटरच्या आत असेल आणि गुडघे शाबूत असतील, तर भनपुरीच्या माणसाने साधीच सायकल घ्यावी आणि टायर बदलून घ्यावेत. बॅटरीच्या सायकलीपेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे.

मग मोटार निरुपयोगी का? अजिबात नाही, पण इथे ती चढासाठी लागत नाही, उन्हासाठी लागते. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. माणसाचे शरीर खर्चलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पायडलला देते. बाकी सगळी उष्णता होते. १०० वॅटचे काम करताना अंगात ३०० ते ४०० वॅट उष्णता तयार होते, आणि दुपारच्या पाळीला निघालेल्या माणसाला ती उन्हाच्या झळांत बाहेर टाकायची असते. निम्मे काम मोटारीने उचलले की ही उष्णताही निम्मी होते. पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराच्या बाबतीत हा फरक थेट तब्येतीचा आहे. लांबचे अंतर आणि दुपारची वेळ, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी बिनदिक्कत बॅटरीची बाजू घेईन.

बॅटरीवाली सायकल जड असते, हा नेहमीचा आक्षेप. आठ-दहा किलोंचा फरक पडतो, हे खरेच. पण सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने जाताना या जादा वजनाला जेमतेम चार-पाच वॅट लागतात. वजन खरे जाणवते ते जिना चढवताना, म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने याचा विचार करावा. दुसरा आक्षेप, व्यायाम होत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ३३ अनुभवी माउंटन सायकलस्वारांना एकाच वाटेवर दोन्ही सायकली चालवायला दिल्या होत्या. विजेच्या सायकलीवर हृदयाचे ठोके साध्या सायकलीच्या सुमारे ९४ टक्के भरले, आणि स्वारांना मात्र श्रम बरेच कमी वाटले. अर्थात हे पाय चालवणाऱ्यांचे आकडे आहेत. नुसता थ्रॉटल पिळून बसणाऱ्याला ते लागू नाहीत.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: एवढे पैसे घालायचे तर स्कूटर का नको? मोटार २५० वॅटच्या आत असेल आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत थांबत असेल, तर आपल्या मोटार वाहन नियमांत अशी सायकल मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी नको, परवाना नको. याहून वेगवान सायकल कोणी ‘परवाना लागत नाही’ म्हणून गळ्यात मारत असेल, तर घेऊ नये. अपघात झाला तर निस्तरायचे तुम्हालाच आहे.

डोंगर मात्र छत्तीसगडला आहेत. बस्तरच्या वाटेवरचा केशकाल घाट, कवर्ध्याकडचा चिल्फी घाट, सरगुज्यातला मैनपाट. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी १० किलोमीटर राखायलाही १८० वॅटच्या घरात ताकद लागते, आणि तिथे सामान्य माणसाचा श्वास संपतो. अशा घाटांतल्या कच्च्या वाटांवर नियमित जाणाऱ्यासाठी विजेची माउंटन सायकल ही योग्य निवड आहे. तीही शक्यतो मोटार पायडलपाशी असलेली घ्यावी, कारण तिला गिअरचा फायदा मिळतो. मागच्या चाकाच्या हबमधली मोटार मंद, खड्या चढावर तापते.

भनपुरीत बॅटरी घेणाऱ्याने ती काढता येते की नाही, हे आधी पाहावे. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ती लावून ठेवण्यापेक्षा घरी आणून रात्री चार्ज करणे बरे. दुकानात मोटार बंद करून थोडे चालवून पाहावे आणि नव्या बॅटरीची किंमत विचारून घ्यावी. रोज चार्जिंग केले तर काही वर्षांत ती बदलावीच लागते, आणि तो आकडा सायकलीच्या किमतीत धरूनच तुलना करावी.