सेर्राल्बोचा वाडा आणि आमचे रुमाल

बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयाची इमारत १८९४ साली पुरी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी स्पेनच्या राजधानीत एका सरदाराचा वाडा दहा वर्षांच्या कामानंतर उभा राहिला. आमचे संग्रहालय राजाने प्रजेसाठी उभारले. माद्रिदचा तो वाडा मृत्युपत्राने संग्रहालय झाला. तो पाहून आल्यापासून तेथल्या चित्रांपेक्षा तेथले दप्तरच माझ्या मनात अधिक घोळते आहे.

एन्रीके दे आगिलेरा इ गाम्बोआ, सेर्राल्बोचा सतरावा मार्क्विस (१८४५–१९२२). गृहस्थ मोठा अजब! पंचविशी उलटताच त्याने आपल्या मित्राच्या विधवा आईशी लग्न केले आणि हे सारे कुटुंब युरोपभर वस्तू खरेदी करीत हिंडले. राजकारणात तो हट्टाने हरत्या पक्षात राहिला. १८३३ साली सातवा फर्नांडो वारला, तेव्हा गादी मुलीची की भावाची यावरून स्पेनमध्ये युद्धे पेटली. भावाच्या वंशाचा कैवार घेणारे ते कार्लिस्ट. १८७५ साली मल्हारराव गेले नि कवळाण्याचे गोपाळराव गादीवर आले, ही कथा ज्यांनी घरच्या ओसरीवर ऐकली आहे, त्यांना असल्या भानगडी समजावून सांगायला नकोत. १८९० पासून मार्क्विस या पक्षाच्या दावेदाराचा स्पेनमधील प्रतिनिधी होता. उतारवयात उत्खननाचा नाद लागला. १९०९ पासून तोर्राल्बा येथे खणून त्याने आदिमानवाची दगडी हत्यारे आणि प्राचीन हत्तींची हाडे बाहेर काढली.

पोटचे मूल नव्हते. वाडा व संग्रह त्याने राष्ट्राला दिला, पण अट घातली: संग्रह फोडायचा नाही, आणि मी मांडला तसाच ठेवायचा. असली अट म्हणजे मेलेल्या माणसाने जिवंतांच्या घरात हुकूम चालवणे, असे कोणी म्हणेल. मलाही ती थोडी जाचकच वाटते. पण पुढे काय झाले ते पाहा. मार्क्विसचा उत्खननातील सोबती ह्वान काब्रे पहिला संचालक झाला आणि त्याने दालनवार यादी केली: कोणत्या खोलीत काय आहे ते. मग यादवी युद्ध आले. १९४४ साली संग्रहालय लोकांना खुले झाले, तेव्हा राहत्या खोल्यांच्या मांडणीत बराच फेरफार झालेला होता. अनेक वर्षांनी मूळ रूप परत आणायचे ठरले, तेव्हा उपयोगी पडले ते दप्तर. यादी, जुनी छायाचित्रे, पत्रे यांच्या आधाराने वस्तू आपापल्या जागी परतल्या आणि २०१० मध्ये वाडा पुन्हा उघडला. पन्नास हजारांवर वस्तू आहेत तेथे, देवघरात एल ग्रेकोचे चित्र आहे. परंतु कागद नसते तर ते सगळे नुसते भांडार राहिले असते.

आता आपल्याकडे. बडोदे सरकारने आपल्या दप्तरातील निवडक ऐतिहासिक लेख १९३४ पासून खंडरूपाने छापले. दरबारचे कागद त्यामुळे अभ्यासकांच्या हाती आले. दरकदार, शिलेदार, फडणीस यांच्या घरच्या रुमालांना मात्र वाली नाही. वाडा पाडून सदनिका बांधायची ठरली की पितळी समया आणि शिसवी पलंग यांची वाटणी होते, भांडणेही होतात. रुमालांसाठी कोणी भांडत नाही. माळ्यावरून ते खाली येतात ते रद्दीवाल्याच्या काट्यावर. मृत्युपत्र करताना आपण दागिन्यांचा तपशील मासा-गुंजेपर्यंत लिहितो. त्यात एक ओळ कागदांसाठी घालायला वकील काही जास्त फी मागणार नाही.

आमच्या घरी पणजोबांच्या वेळचे दोन रुमाल आहेत. काब्रेचे पाहून मी यादी धरली: कागदाचा क्रमांक, तिथी, कोणी कोणास लिहिले, विषय. पहिल्या रुमालात १४३ कागद निघाले. एकाला वाळवीने आरपार भोक पाडले आहे. बहुतेक मोडीत. आळीत मोडी वाचणारे एकटे नाना उरले आहेत, वय ऐंशीच्या पुढे. दर गुरुवारी ते येतात, भिंग पुसतात आणि एका बैठकीत तीन-चार कागद होतात. सध्या आम्ही एका लग्नाच्या आहेरयादीपाशी अडलो आहोत. एका खणाची किंमत काही केल्या लागत नाही.